बॅसूनमध्ये करिअर होतं का? भाचीसाठी विचारतेय

सोनचाफा:
भाची अमेरिकेत नववीला आहे, शाळेच्या बँडमध्ये बॅसून वाजवते, ते लांबलचक लाकडी खर्जातलं वाद्य. आता म्हणते कॉलेजलाही हेच घेणार आणि ऑर्केस्ट्रात जाणार. बहिणीची झोप उडालीय. यात पोट भरतं का? की शेवटी शिकवण्याच घ्यायच्या?

खर्जातला:
ताई, भाचीला ज्युडिथ लेक्लेअर विचारा, माहीत असणारच. 1981 ला वयाच्या 23 व्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राची प्रिन्सिपल बॅसून, म्हणजे मुख्य बॅसूनवादक झाली, तेव्हा तिथे म्युझिक डायरेक्टर (ऑर्केस्ट्राचे प्रमुख) आपले मुंबईचे झुबिन मेहता. स्टार वॉर्सवाल्या जॉन विल्यम्सने खास तिच्यासाठी कॉन्चेर्टो (एक मुख्य वादक आणि मागे ऑर्केस्ट्रा अशी रचना) लिहिला, 1995 मध्ये तो पहिल्यांदा वाजला. आणि हे सगळं करून ज्युलियार्ड या न्यूयॉर्कच्या संगीत कॉलेजात शिकवणंही. तिकडे शिकवणं म्हणजे काही जमलं नाही म्हणून धरलेला धंदा नाही हो.

स्पष्टवक्ता:
टोकाची उदाहरणं देऊन पोरीला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात बर्नार्ड गारफिल्ड 1957 ला प्रिन्सिपल झाले ते थेट 2000 साली उठले, 43 वर्षं एकच माणूस, आणि तिथल्याच कर्टिस या संगीत कॉलेजात शिकवायचेही तेच, म्हणजे खुर्ची अडवणारे तेच आणि त्या खुर्चीसाठी पोरं तयार करणारेही तेच!! जागा निघाली की ऑडिशनला देशभरातून लोक येतात.

खर्जातला:
पण त्यांच्या आधीचे सोल शोनबाख? 20 वर्षं वाजवून आपणहून उठले आणि सेटलमेंट म्युझिक स्कूल चालवायला गेले. सगळेच शेवटपर्यंत चिकटून बसत नाहीत.

वाऱ्याची_आई:
माझी लेक वाजवते म्हणून सांगते, आधी रीडचं बघा, म्हणजे बॅसूनला लावून ज्यातून फुंकायचं ती पट्टी. बोरूसारख्या कांडीचा तासलेला तुकडा भिजवायचा, मधोमध दुमडायचा, तारेचे वेढे, वर दोरा, मग टोक कापून पात्याने खरवडत बसायचं. जरा जास्त खरवडलं की गेली फुकट. आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटं कमी आणि कपच्या जास्त. मोठ्या ऑर्केस्ट्रातले लोकही रीड स्वतःच करतात, त्यामुळे रोजच्या रियाजाच्या वर हा वेळ धरायचा. भाची करते का स्वतः?

सोनचाफा:
नाही, विकतचं आणते. वाद्य पण शाळेचंच आहे.

वाऱ्याची_आई:
मग बहिणीला म्हणावं झोप आत्ताच घालवू नको. सुट्टीत कोणा ऑर्केस्ट्रावाल्याकडे रीड करायला बसवा तिला. आणि स्वतःचं वाद्य लगेच घेऊ नका, चांगलं बॅसून गाडीच्या किमतीत जातं, कॉलेजं बरेचदा वापरायला देतात ते आधी विचारा.