चाळीस दिवस खर्रा बंद, ईस्टरला परत सुरू: याला आत्मत्याग म्हणायचं का?

सदरवाला (धागाकर्ता)

जय ख्रिस्त. राखेचा बुधवार आला, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ (लेंट) सुरू झाला, की आमच्या मंडळीत एकच विचारणा सुरू होते, यंदा काय सोडलं? कोणी मटण सोडतो, कोणी चहा, कोणी खर्रा. मला खर्ऱ्याबद्दल बोलायचं आहे, कारण नागपुरात हा मोह चौकाचौकात घोटून मिळतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घासला की पुडी तयार. गुटख्यावर राज्यात 2012 मध्ये बंदी आली, खर्रा मात्र पानठेल्यावर मिळतोच.

आमची ही माणसं चाळीस दिवस खरोखर तोंडात काही टाकत नाहीत. त्याबद्दल मला शंका नाही. पण ईस्टरची उपासना संपते आणि गेटच्या बाहेर पहिली पुडी सुटते. निकोटीनची शारीरिक तलफ पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असते आणि तीन-चार आठवड्यांत बरीच उतरते. म्हणजे ईस्टरपर्यंत शरीर जवळजवळ मोकळं झालेलं असतं. त्या दिवशीची पुडी शरीराने मागितलेली नसते, माणसाने राखून ठेवलेली असते.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. परत घेण्याची तारीख ठरवून जे सोडलं, ते सोडलंच नाही. येशूने आत्मत्याग करून वधस्तंभ उचलायला सांगितलं आणि लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे (9:23) दररोज उचलायला सांगितलं. त्याला हंगाम नाही.

आणि आपण सोडतो काय? जे सोयीचं आहे ते. मटण सोडणाऱ्याने भावाशी प्लॉटवरून चाललेली केस सोडली का? मुलीसाठी स्थळ बघताना 'मूळचे कोण', म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीची जात कोणती, हे हळूच विचारणं सोडलं का? मला तर वाटतं, हा दुसरा मोह आपल्या मंडळीत खर्ऱ्यापेक्षा खोल गेला आहे, आणि तो सोडल्याचं आजवर कोणी उभं राहून सांगितलेलं मी ऐकलं नाही. पौलाने कलस्सैकरांना लिहिलं आहे की 'हाती घेऊ नको, चाखू नको' अशा नियमांत ज्ञानाचा नुसता देखावा असतो, देहाच्या लालसेपुढे ते टिकत नाहीत (2:20-23).

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवा. काही काळ ते आपल्या नागपुरातच होते. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आप्त, जात, मान सगळं गेलं. 1917 मध्ये मिशनचा पगारही सोडला, संन्यस्त होऊन 'देवाचा दरबार' हा भक्तसंघ सुरू केला आणि 1919 मध्ये देवाघरी जाईपर्यंत मागे फिरले नाहीत. मी आत्मत्याग म्हणतो तो याला. ज्यांना पटत नसेल त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

मोहननगरची_मावशी

भाऊ, मी कॅथलिक. मला पटलं नाही, म्हणून लिहिते.

तारीख ठरलेला उपास खोटा असेल तर मग येशूने रानात केलेल्या उपासाचं काय? तोही चाळीस दिवसांनी संपलाच. नंतर तो लोकांच्या पंगतीला बसला, लग्नाला गेला, इतका की विरोधक त्याला 'खादाड व दारूबाज' म्हणू लागले (मत्तय 11:19). उपास संपणं हा उपासाचा दोष नाही.

दुसरं म्हणजे मटण आणि खर्रा एका पिशवीत घालू नका. मटण चांगली वस्तू आहे, देवाने दिलेली आहे. ती काही दिवस बाजूला ठेवायची आणि मग आभार मानून परत घ्यायची, यात काय वाईट? खर्रा मुळात वाईटच आहे. तो उपवासकाळाच्या यादीत यायलाच नको होता, तो एरवीच सोडायचा. तुमची तक्रार खर्ऱ्याची आहे आणि शिक्षा तुम्ही अख्ख्या लेंटला देता आहात.

आमच्या चर्चचा नियम किती थोडा आहे तेही सांगते. कडक उपास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकदा पोटभर आणि दोनदा थोडंसं. तोही 18 ते 59 वयाच्या माणसाला. आजाऱ्याला सूट, गरोदर बाईला सूट. नियम एवढा थोडा ठेवलाय, कारण उपासाच्या बरोबर प्रार्थना हवी आणि दानधर्म हवा. सोडलेल्या मटणाचे पैसे फ्रीजखालच्या डब्यात साठवून पुढच्या महिन्यात आपणच खर्च केले, तर तो नुसता काटकसरीचा महिना झाला.

आणि पौलाचं नाव घेतलंत तर पूर्ण घ्या. 'मी आपले शरीर कुदलतो व त्याला दास करून ठेवतो' हेही त्यानेच करिंथकरांना लिहिलं (1 करिंथ 9:27).

बर्डीचा_भाऊ

मावशी, तुमचं सगळं मान्य, पण रविवारचं काय करून राहिले लोक ते पण लिहा ना. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर 46 दिवस होतात. सहा रविवार उपासात धरत नाहीत म्हणून चाळीस. आमच्या गल्लीत त्या सहाही रविवारी सावजीचं पार्सल येते. सहा दिवस मटणाचाच विचार करायचा आणि सातव्या दिवशी खायचं, याच्यात मोह दबला का वाढला?

आम्ही प्रोटेस्टंट लोक तर याच गोष्टीवरून बाहेर पडलो ना बाप्पा. 1522 मध्ये झुरिकला एका छापखानेवाल्याच्या घरी लेंटमध्ये सॉसेज खाल्ले म्हणून केवढा गदारोळ झाला. तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली हजर होता, त्यानं स्वतः खाल्लं नाही, पण खाणाऱ्यांच्या बाजूनं उपदेश केला. खाणं-न खाणं ज्याच्या त्याच्या मोकळीकीचं आहे म्हणाला. मंग आता आपणच एकमेकांना काय सोडलं ते काऊन विचारत बसतो?

सदरवाला

मावशी, मटण आणि खर्रा यांतला फरक मला मान्य आहे. पण त्याने माझा मुद्दा उलट पक्का होतो, कारण आमची माणसं खर्ऱ्यालाही मटणासारखीच वागणूक देतात: चाळीस दिवसांनी आभार मानून परत.

येशूच्या चाळीस दिवसांबद्दल मात्र माझं वेगळं मत आहे. उपास संपला, पण रानात सैतानाला दिलेलं उत्तर संपलं नाही. रानात सैतानाने देऊ केलेलं सगळ्या राज्यांचं वैभव त्याने नाकारलं. पुढे भाकरी खाऊन तृप्त झालेले लोक त्याला बळजबरीने राजा करायला निघाले, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला (योहान 6:15). रानात 'तू देवाचा पुत्र आहेस तर खाली उडी टाक' असं ऐकलं होतं. वधस्तंभावर असताना खालून लोक तेच ओरडत होते, देवाचा पुत्र असशील तर खाली उतर (मत्तय 27:40). तो उतरला नाही. मोह तारीख बघून येत नाही आणि त्याचं उत्तरही तारखेपुरतं नसतं.

जरीपटक्याची_सून

तुम्हा सगळ्यांना एक विचारते. आत्मत्याग कोणाला शिकवता आहात?

घरात नवरा लेंटमध्ये मटण सोडतो, मुलं मागतात म्हणून दोन भाज्या होतात, त्या करते कोण? सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई वर्षभर उपासातच असते, तिला कोणी विचारत नाही यंदा काय सोडलं. टिळकांचं नाव घेतलंत. त्यांच्या उदारपणाची झळ घरात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना किती लागली हे लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलं आहे. कोणाच्या तरी त्यागाचा खर्च दुसरंच कोणी भरत असतं, हे आधी मान्य करा.

आणखी एक गोष्ट, ती मला फार सलते. नवऱ्याच्या हातचा मार खाणाऱ्या बाईला मंडळीतली वडीलधारी माणसं सांगतात, हा तुझा वधस्तंभ आहे, उचल. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. नाही, तो तिचा वधस्तंभ नाही. येशू म्हणाला, माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो (योहान 10:18). जे आपण होऊन दिलेलं नाही, दुसऱ्याने लादलं, त्याला त्याग म्हणू नका. त्याला अन्याय म्हणा आणि तिला पोलीस ठाण्यापर्यंत सोबत करा.

देवाला पसंत असलेला उपास यशयाच्या 58व्या अध्यायात लिहिला आहे: जोखडाच्या दोऱ्या सोडणं, गांजलेल्यांना मोकळं करणं, भुकेल्याला आपल्या अन्नातला वाटा देणं. मटण-खर्ऱ्याचा वाद त्याच्यानंतर.

बैठकीतला_एक

मी ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस) बैठकांना जातो. दारू सोडणाऱ्यांची ही चळवळ 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झाली, आपल्याकडेही गट आहेत. तिथे कोणी जन्मभराची शपथ घ्यायला लावत नाही. एवढंच म्हणायचं, आज नाही. सदरवाले भाऊ, तुम्ही लूकचं 'दररोज' सांगितलंत, ते आम्ही असं जगतो. म्हणून चाळीस दिवस कोरडा राहिलेल्या माणसाला 'तू सोडलंच नाहीस' असं म्हणू नका. ते चाळीस दिवस खरे होते.

मोहाशी लढण्याबद्दलही फार बोललं जातं. मालक पोटीफरच्या बायकोने मोहात पाडायला धरलं तेव्हा योसेफ तिच्याशी वाद घालत उभा राहिला नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला (उत्पत्ती 39:12). ज्या ठेल्यावर रोज उभे राहायचो तो रस्ताच बदलावा लागतो. संध्याकाळी सातला, जेव्हा तलफ येते, तेव्हा फोन उचलणारा एक माणूस लागतो. मत्तय 12:43-45 मध्ये माणसातून निघालेला अशुद्ध आत्मा परत येतो तेव्हा घर झाडलेलं, सजवलेलं, पण रिकामं असतं. म्हणून तो आणखी सात घेऊन येतो. आपल्या मंडळ्या घर झाडून घेतात. लेंटभर विचारतात काय सोडलं, पण ईस्टरच्या सोमवारी कोणी फोन करत नाही. माझी तक्रार आहे ती ही.

सदरवाला

सूनबाई, मारहाणीचं तुम्ही लिहिलंत ते आमच्या पाळकसाहेबांना मी वाचायला देणार आहे. त्यावर माझा काहीच वाद नाही.

बैठकीतल्या भाऊंशी मात्र एवढा वाद उरतो: 'आज नाही' म्हणणारा ईस्टरच्या सकाळीही 'आज नाही'च म्हणतो. आमचा माणूस त्या सकाळची वाट बघत असतो. दोघांचे चाळीस दिवस बाहेरून सारखे दिसतात, आतून नाहीत. पण सोमवारच्या फोनचं म्हणणं खरं आहे. आमच्या तरुण संघात खर्रा सोडलेल्यांची नावं आम्हाला माहीत आहेत, फोन करायला अडचण काहीच नाही.

मोहननगरची_मावशी

मग ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) करा, लेंटपेक्षा तो काळ मोठाच आहे. आमच्याकडची नावंही मी विचारून देते. तोंड आधीच उघडत नसेल किंवा आत पांढरा चट्टा दिसत असेल तर नुसत्या फोनवर थांबू नका, डॉक्टरकडे घेऊन जा.

बर्डीच्या भाऊ, रविवारचं माझं मत बदललेलं नाही. तो पुनरुत्थानाचा दिवस आहे, त्या दिवशी उपास न धरण्याची रीत फार जुनी आहे. पार्सल दोन माणसांचं जास्त आणा आणि शेजारच्या घरी द्या.