वलगणीला आता मासे चढत नाहीत का?

प्रश्न: मी माणगावकडचा. वलगण म्हणजे पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात ती वेळ. मृगाचे पहिले दोन-तीन दणके बसले की आजोबा रात्रीच बत्ती नि कोयता घेऊन निघायचे. खाचरातलं गढूळ पाणी ओढ्यात उतरायचं, त्या धारेवर मळे आणि शिंगटे हे मासे उलटे चढायचे. बांधावर उभं राहून कोयत्याच्या पाठीने हाणायचं, बस! यंदा मुलाला नेलं, तर बेडकं तेवढी दिसली. तुमच्याकडे काय?

प्रतिसाद: चढणार कुठून दादा? नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातात, तिथे अंडी, ही त्यांची वाट. मध्ये सिमेंटचा बंधारा, वर बांधावर तणनाशक.

प्रतिसाद: नुसत्या बंधाऱ्याला नावं ठेवू नका. वलगणीचा मासा म्हणजे गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेली मादी. आपण नेमकी तीच खाल्ली. उन्हाळ्यात कोंडीत, म्हणजे नदीच्या डोहात, मासे मारायला ब्लीचिंग पावडर टाकणारे वेगळेच. महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही. तिथे हातभर लांब मासे आजही आहेत.

मूळ प्रश्नकर्ता: गाबोळीचं पटलं. पण आजीचं ते आंबोशी (वाळवलेली कैरी) घातलेलं कालवण, राव! वाळणकोंडीला मुलाला नेतो. कुरमुरे टाकू देतात ना?