ग्रामसभा भरते तेव्हा आमचा तांडा ऊसतोडीच्या फडावर असतो

वॉर्ड तीनची सदस्य, बीड जिल्हा
जय सेवालाल. मी गोरमाटी, म्हणजे बंजारा, तांड्यावरून निवडून आलेली पहिलीच बाई. आमची गट ग्रामपंचायत, म्हणजे गाव आणि तांडा मिळून एकच; गाव तीन किलोमीटरवर. वर्षाला 4 ग्रामसभा होतात, नाही असं नाही. पण गावाच्या विकास आराखड्याची चर्चा 2 ऑक्टोबरपासून सुरू होते आणि दसरा उलटला की ऊसतोडीला न्यायला मुकादमाच्या गाड्या तांड्यावर लागतात. 26 जानेवारीला इथं उरतात म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि मी. मागच्या खेपेला आमच्या हातपंपाचा विषय निघाला. "तांड्यातलं कोण आलंय?" म्हणत तो पुढं ढकलला. मी समोर बसलेली होते! गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के किंवा 100 मतदारांची. ती भरली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग दहा-बारा जण बसून गावाचं ठरवतात. काय करू?

निवृत्त ग्रामसेवक, जालना
ताई, ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते. ती 15 ऑगस्टच्या आधी तांड्यावरच घ्या, माणसं घरी असताना. अर्जात "मागणी" लिहू नका, "ठराव" लिहा, सूचक-अनुमोदकाच्या नावासकट. प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, चढला का ते स्वतः वाचा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. नोकरीत मी पाहिलंय, तोंडी सांगितलेलं चहाबरोबर संपतं.

किनवटकर
आमच्याकडे पेसा आहे, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा; 2014 च्या नियमांनी पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. बीड अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे तो रस्ता तुम्हाला नाही. पण एक करून बघा. आमच्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, विषय कोलामीत सांगितले, तेव्हा कधी न बोललेली एक आजी उठली. टाकी रस्त्याकडं नको, वरच्या अंगाला बांधा, म्हणाली. तिथंच बांधली. तुम्ही विषय गोरबोलीत, तुमच्या बंजारा बोलीत, वाचा.

कोयतेकरी
ताई, 1 मेची सभा सोडू नका. तोवर सगळे कोयते परत आलेले असतात.

वॉर्ड तीनची सदस्य
काका, दादा, उपकार झाले. काल तांड्याच्या नायकांच्या ओट्यावर बायका बसवल्या, गोरबोलीतच बोललो. सासूबाई म्हणाल्या, दवंडी गावातच फिरते, तांड्यावर कधी आलीच नाही. तोच ठराव क्रमांक 1 लिहिलाय. सूचक सासूबाई. अंगठा नको म्हणाल्या, सही केली.