नऊ वर्षांच्या मुलाला दुपारी घरी एकटं ठेवावं का?

मानेवाड्याची_आई
आम्ही नागपूरला मानेवाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. नवरा बुटीबोरीला, माझं ऑफिस सिव्हिल लाइन्सला. घरी पोचेस्तोवर सहा वाजतात. इतके दिवस सासूबाई होत्या, आता त्या नणंदेकडे अमरावतीला गेल्यात. शाळा सकाळची झालीय. ऑटोवाले काका साडेबाराला फाटकाशी सोडतात, म्हणजे रोज साडेपाच तास.

मुलगा समजूतदार आहे. कुलूप उघडतो, वाढून घेतो, आमचे दोघांचे नंबर त्याला पाठ आहेत. म्हणून मागच्या रविवारी त्याला एकटा ठेवून वीस मिनिटं भाजीला गेले. परत आले तर कूलर चालू, खाली फरशीवर पाणी सांडलेलं, आणि हा अनवाणी पायांनी बादलीनं टाकीत पाणी ओततोय! मी ओरडले तर म्हणतो, "बंद केला असता तर गरम झालं असतं ना आई." चूक माझी होती. आम्ही स्वतः बटण बंद करून पाणी भरतो, पण का, ते त्याला कधी सांगितलंच नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही.

तुम्ही किती वर्षांपासून ठेवलं? कायद्यात काही वय आहे का?

नंदनवनचे_काका
बाई, वयाचं नंतर बघू. कूलर लोखंडी बॉडीचा आहे का? उद्याच वायरमन बोलवा आणि अर्थिंग तपासा. पुष्कळ घरांत तीन पिनांचा प्लग असतो, पण सॉकेटमागे अर्थिंगची तारच जोडलेली नसते. पंपाची वायर आत पाण्यात असते, ती कुठं सोलली गेली की करंट सरळ बॉडीत येतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, करंट गळला की तो क्षणात सप्लाय तोडतो. आणि नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. चाळीस वर्षं हेच काम केलं, उन्हाळ्यात काय काय पाहिलं ते इथं लिहवत नाही. पोराला सांगा, टाकी कोरडी पडली तरी हात लावायचा नाही. सकाळी निघताना तुम्हीच काठोकाठ भरा.

कोर्टवाली
एकटं ठेवण्याचं किमान वय आपल्या कायद्यात ठरवलेलं नाही. पण बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५ आहे. मुलाला विनाकारण त्रास होईल असं जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. तुमच्यासारख्या आईसाठी नाही ते, घाबरू नका. ११२ (आणीबाणीसाठी) आणि १०९८ (मुलांची हेल्पलाइन) हे नंबर मात्र फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावा.

दोन_लेकींची_माय
मी मोठीला अकराव्या वर्षी ठेवलं, तेही दीड तास. दार, गॅस, सगळं शिकवलं होतं. तीन महिन्यांनी एकदा सहज बोलता बोलता म्हणाली, "आई, बेल वाजली की मी पलंगाखाली जाते." मला वाटत होतं, पोट्टी मजेत आहे. तिला मी एकदाही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत का त्याला?

मानेवाड्याची_आई
काल रात्री विचारलं. आधी "मला चालेल" म्हणाला. दिवा मालवल्यावर हळूच म्हणाला, "आई, तीन वाजेपर्यंत चालेल. नंतर नको."

काका, वायरमन येऊन गेला. सॉकेटमागे तार नव्हतीच. हात जोडून आभार.

खालच्या मजल्यावरच्या काकूंशी बोलले. त्यांचा नातूही दुपारी घरीच असतो. साडेबाराला आला की आधी त्यांच्याकडे जेवण, मग तिथंच अभ्यास. मी डबा जास्तीचा देईन आणि रविवारी दोन्ही पोरं माझ्याकडे. सध्या फक्त तीनच्या आत अर्धा तास वर एकटा येईल, झाडांना पाणी घालायला. चावी त्यानं गळ्यात अडकवायला मागितली, दिली.