एका बाजूने तांबूस असलेले अमेरिकी क्वार्टर: टांकसाळीतील चूक की नंतर चढलेला रंग?

प्रश्न | नवसंग्राहक

माझ्या परदेशी नाण्यांच्या संग्रहात अमेरिकेचे १९७८ सालचे २५ सेंटचे एक नाणे, म्हणजे क्वार्टर, आहे. त्याची गरुडाची बाजू नेहमीसारखी पांढरट आहे, मात्र वॉशिंग्टन यांच्या मुखवट्याची बाजू जवळजवळ संपूर्ण तांबूस दिसते. अशा नाण्यांवर टांकसाळीत वरचा थर चढायचा राहून जातो आणि संग्राहक त्यांना ‘मिसिंग क्लॅड’ म्हणतात, असे माझ्या वाचनात आले आहे. छायाचित्रे पाहिली तर माझे नाणे त्यांच्यासारखेच दिसते, पण छायाचित्रातील रंगावर कितपत विसंबावे हे कळत नाही. हे नाणे खरोखर टांकसाळीतील चुकीचे आहे की नंतर कोणत्या तरी कारणाने रंगले आहे, हे घरच्या घरी कसे तपासता येईल? नाणे मी अद्याप स्वच्छ केलेले नाही.

उत्तर | नाणेअभ्यासक

स्वच्छ केले नाही हे उत्तम झाले, आणि निकाल लागेपर्यंत करूही नये. रंग हा या बाबतीतला सर्वांत दुबळा पुरावा आहे. आधी वजन आणि कड पाहावी.

१९६५ पासून चलनात आलेले सर्वसाधारण क्वार्टर तीन थरांचे असते. मध्ये शुद्ध तांबे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ७५ टक्के तांबे व २५ टक्के निकेल यांच्या पांढऱ्या मिश्रधातूचे थर, अशी त्याची रचना आहे. पूर्ण नाण्याचे वजन ५.६७ ग्रॅम असते आणि त्यात ०.२२७ ग्रॅमपर्यंतचा फरक टांकसाळ ग्राह्य धरते. दोन्ही पांढरे थर मिळून वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग भरतात, म्हणजे एक थर एक षष्ठांश झाला. त्यामुळे एका बाजूचा थर खरोखरच नसेल तर नाणे ४.७ ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. हा फरक जवळजवळ एका ग्रॅमचा असल्याने ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा वजनकाटाही तो स्पष्ट दाखवतो.

त्यानंतर नाणे उभे धरून कड पाहावी. नेहमीच्या नाण्याच्या कडेवर मध्ये तांब्याचा पट्टा आणि त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या रेषा दिसतात. थर नसलेल्या नाण्यात त्या बाजूची पांढरी रेषा मुळातच नसते आणि तांब्याचा पट्टा थेट काठापर्यंत जातो. चकती पातळ राहिल्यामुळे ठसा अनेकदा अशक्त उमटतो, तेव्हा केसांच्या रेषा आणि अक्षरे यांकडेही लक्ष द्यावे. थर ठसा उमटल्यानंतर सुटून पडला असेल तर उघड्या तांब्यावर समांतर रेघोट्या आणि अंधूक चित्र दिसते. तोही दोष टांकसाळीचाच, पण त्याचे रूप निराळे असते.

पुष्कळ जण अशा वेळी पाण्यात बुडवून घनता काढण्याचा किंवा चुंबक लावण्याचा सल्ला देतात. या नाण्यासाठी दोन्ही उपाय निरुपयोगी आहेत, कारण तांब्याची आणि या मिश्रधातूची घनता जवळजवळ सारखीच आहे आणि दोहोंपैकी एकालाही चुंबक ओढत नाही. चुंबकाचा खरा उपयोग १९४३ च्या एका सेंटच्या नाण्यासाठी होतो. युद्धकाळात तांबे वाचवण्यासाठी त्या वर्षी ही नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पाडली गेली आणि त्यांचे वजन २.७० ग्रॅम होते, तर चुकून कांस्याच्या जुन्या चकत्यांवर पडलेली मोजकी नाणी सुमारे ३.११ ग्रॅमची आहेत. पोलादी नाण्याला तांब्याचा मुलामा देऊन केलेली नक्कल चुंबकाला चिकटते आणि तिथेच उघडी पडते. १९४८ मधील आठाचा तीन करून बनवलेली नक्कल मात्र चुंबकाला दाद देत नाही. तिथे आकड्याचे वळण भिंगाखाली पाहावे लागते.

उत्तर | रसायनवाचक

वरील उत्तराशी मी सहमत आहे. पांढरे नाणे तांबूस होण्याचे मार्ग लोकांना वाटतात त्याहून पुष्कळ जास्त आहेत, एवढेच त्यात जोडतो. ओलसर जमिनीत दीर्घकाळ पडून राहिलेली तांबे-निकेलची नाणी तांबूस-तपकिरी होतात, आणि जमिनीतून नाणी शोधणाऱ्यांना हा रंग चांगलाच परिचयाचा आहे. आम्लाच्या द्रावणात तांबे विरघळलेले असेल आणि त्यात पडलेल्या नाण्याला लोखंडाचा स्पर्श होत असेल, तर नाण्यावर तांब्याचे पातळ पुट बसू शकते. विजेच्या साहाय्याने मुद्दाम दिलेला मुलामा हा प्रकार तर वेगळाच. क्वार्टरवर सोन्याचा मुलामा किंवा रंगीत चित्रे चढवून ती स्मरणवस्तू म्हणून विकणारे खासगी व्यावसायिक आहेत, आणि अशी नाणी हातोहात फिरत पुन्हा सुट्या पैशांत येऊन मिसळतात.

उलट दिशेचा रंगबदलही प्रयोगशाळेत सहज होतो. जस्त आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात तांब्याचे नाणे ठेवले की ते चांदीसारखे दिसते, आणि तेच नंतर तापवले की तांबे व जस्त एकत्र होऊन पितळ तयार होते व नाणे सोनेरी होते. (हे द्रावण कातडी जाळते, म्हणून कुतूहलापोटी घरी करून पाहू नये.) विद्यार्थ्यांपुढे वारंवार केला जाणारा हा प्रयोग असल्याने ‘चांदीचे’ आणि ‘सोन्याचे’ सेंट कोठून येतात याचे फारसे नवल वाटायला नको.

एक शक्यता मात्र खुली ठेवावी. ठसा उमटवण्यापूर्वी कोऱ्या चकत्या मऊ करण्यासाठी भट्टीत तापवतात, आणि त्या वेळी तापमान किंवा भट्टीतील वातावरण बिघडले तर चकतीवर काळपट, तांबूस किंवा निळसर रंग चढतो. १९५८ आणि १९५९ ची काळसर पाच सेंटची नाणी याच कारणासाठी ओळखली जातात. अशा नाण्याचे वजन योग्य असते आणि कडेवरील पांढऱ्या रेषाही जागेवर असतात, तरीही रंग टांकसाळीतलाच असतो. म्हणजे वजन बरोबर भरले तर थर गळाल्याची शक्यता संपते, पण प्रश्न पूर्ण सुटत नाही.

नवसंग्राहक

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. वजन ५.६१ ग्रॅम भरले. खातरजमा म्हणून त्याच काट्यावर दुसरे साधे क्वार्टर ठेवले, ते ५.६४ भरले. कडेवर दोन्ही पांढऱ्या रेषा दिसतात, मात्र तांबूस बाजूची रेषा काठाजवळ किंचित लालसर आहे. अक्षरे आणि केसांच्या रेषा दुसऱ्या नाण्याइतक्याच स्पष्ट आहेत. गालाच्या उंचवट्यावर लाल रंगाखालून पांढरट धातू डोकावतो. याचा अर्थ थर जागेवर आहे, हे मला समजले. पण मग हे भट्टीत बिघडलेल्या चकतीवरचे नाणे असू शकेल का?

उत्तर | भिंगधारी

उंचवट्यावर रंग झिजला आहे यावरून काहीच ठरत नाही, कारण भट्टीतला रंग असो वा नंतरचा, वापरात दोन्ही तिथेच आधी झिजतात. येथे विचारायचा प्रश्न असा, की रंग आधी चढला की ओरखडे आधी पडले? ठसा उमटताना धातू बाहेरच्या दिशेने सरकतो आणि त्यातून नाण्याला किरणांसारखी फिरती चमक येते. भट्टीतला रंग त्याआधीच चकतीवर असल्यामुळे कमी झिजलेल्या नाण्यावर ती चमक रंगातूनही अखंड फिरताना दिसते. आपले नाणे वापरलेले असल्याने चमकेचा पुरावा फारसा उरला नसेल, म्हणून ओरखडे पाहावेत. दहापट भिंगाखाली, बाजूने तिरपा प्रकाश टाकून, मोकळ्या जागेतील खोल ओरखड्यांचा तळ तपासावा. हे ओरखडे नाणे टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतरचे आहेत. भट्टीतला रंग खरवडला गेला असता तर तळाशी पांढरा धातू दिसला असता. तळसुद्धा काठांइतकाच लाल असेल, तर रंग ओरखड्यानंतर आला, आणि अर्थातच टांकसाळीनंतर आला.

जुन्या ओरखड्याचा तळ मळाने किंवा हवेने काळवंडतो, त्यामुळे एकाच ओरखड्यावर निकाल देऊ नये. शक्यतो वेगवेगळ्या दिशांचे चार-सहा पाहावेत.

नवसंग्राहक

पाहिले. मुखवट्यासमोरच्या मोकळ्या जागेत तीन ठळक ओरखडे आहेत आणि तिन्हींचा तळ लाल आहे. तारखेजवळचा एकच ओरखडा पांढरा आहे, पण तो चमकदार आणि ताजा वाटतो. आता ते स्वच्छ करून पाहू का?

उत्तर | नाणेअभ्यासक

मग निर्णय स्पष्ट आहे. थर शाबूत आहे, रंग वापरातल्या ओरखड्यांच्या आत उतरलेला आहे आणि नंतरच्या ताज्या ओरखड्याने तो कापला गेला आहे. हे नाणे टांकसाळीतील चूक नव्हे. क्ष-किरणांच्या साहाय्याने धातू ओळखणाऱ्या यंत्राची किंवा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची येथे गरज नाही. वजन ४.७ च्या जवळ आले असते आणि एका बाजूची पांढरी रेषा नसती, तर तो खर्च करण्याचा सल्ला मी दिला असता.

स्वच्छ करण्याबाबत सांगायचे तर ॲसिटोनने तेलकट किंवा चिकट थर निघतो, तांब्याचे पुट निघत नाही. आम्लाने ते निघेल, पण सोबत खालचा पृष्ठभागही खरबरीत होईल. त्यापेक्षा नाणे आहे तसे ठेवावे आणि त्याच्या पाकिटावर वजन व ‘रंग नंतरचा’ अशी नोंद लिहावी, म्हणजे पुढे ते कोणाच्या हाती गेले तरी मिसिंग क्लॅड म्हणून विकले जाणार नाही.