ब्रेशियाला मराठीत काय म्हणावं?

खानापूरकर: शाळेतल्या दगडांच्या पेटीसाठी मराठी चिठ्ठ्या लिहितेय. एका दगडापाशी अडले. लालसर तपकिरी, आत पांढऱ्या गारगोटीचे नखाएवढे तुकडे. अंगठा फिरवला की कडा लागतात. जुन्या चिठ्ठीवर ‘ब्रेशिया’ आहे. मी ‘पिंडाश्म’ लिहिलं, सोबतच्या बाईंनी खोडलं.

टिळकवाडी: बरोबर खोडलं. पिंडाश्म म्हणजे काँग्लोमरेट, त्यात पाण्यानं घासून गुळगुळीत झालेले गोटे. तुमच्या तुकड्यांच्या कडा शाबूत आहेत, म्हणजे ते फुटल्या जागेपासून फार लांब गेलेच नाहीत. तुकडे २ मिलिमीटरहून मोठे हवेत, हे दोघांनाही लागू. ब्रेशियाला कोणाश्म लिहा.

निपाणीकर: कोणाश्म वाचून मुलं विचारणार, कोणाचा? संस्कृतातल्या कोणाचा मराठीत कोन झाला. कोनाश्म लिहा.

टिळकवाडी: समास संस्कृत, दोन्ही पदं संस्कृतच हवीत. त्रिकोणात ण चालतो ना?

निपाणीकर: आणि चौकोनात?

हिंडलगा: माझे वडील गवंडी. फरशीच्या उरलेल्या कपच्या सिमेंटात बसवून त्यांनी आमची पडवी केली. त्यावर बसूनच मी अभ्यास केला. हा दगड बघून ते ‘कपच्यांचा दगड’ म्हणाले असते. फरक एवढाच, इथं सिमेंटचं काम सिलिका, कॅल्साइट नाहीतर लोहाची संयुगं करतात.

टिळकवाडी: कपची माणूस छिन्नीनं उडवतो.

हिंडलगा: भ्रंशात, म्हणजे जमिनीतल्या भेगेच्या दोन बाजू सरकतात तिथं, दोन खडक घासून चिरडतात, त्यातूनही ब्रेशियाच होतो. मग ती कपची का नाही? परिभाषा हातातल्या वस्तूला चिकटायला हवी.

खानापूरकर: बदामीजवळच्या महाकूटचा तर ‘महाकूट चर्ट ब्रेशिया’ भूविज्ञानात प्रसिद्ध आहे (चर्ट म्हणजे बारीक कणांचा, गारेसारखा कठीण दगड). कन्नडमध्ये त्याला काय म्हणतात, कुणी सांगेल का?

हिंडलगा: कन्नडवरून आठवलं. स्लॅबला आमच्याकडे जल्लीच लागते. पुण्याच्या पाहुण्यांना ‘जल्ली आली का’ म्हटलं तर कळेना.

टिळकवाडी: कळणार कसं? मराठी शब्द खडी. खडा, खडी, खडक एकाच घरचे.

निपाणीकर: माझी आजी आयुष्यभर मराठीच बोलली आणि जल्लीच म्हणाली. तिचं मराठी उणं कसं?

टिळकवाडी: आजींबद्दल आदरच आहे. पण खडीसारखा शब्द घरात असताना तो वापरात राहायला हवा, नाहीतर पुढच्या पिढीला कळणारही नाही.

खानापूरकर: चिठ्ठी उद्या लावायचीय हो.

हिंडलगा: आणि बारीक असते ती कच. तिला तुमच्या आजी काय म्हणायच्या, निपाणीकर?