मदत हवी आहे: जर्सी सिटी, शिकागो की प्लेनो? लहान मुलगी आणि सध्या एकच पगार

नमस्कार मंडळी,

आम्ही ओहायोत कोलंबसला राहतो. माझी कंपनी इथलं ऑफिस बंद करतेय आणि बदलीसाठी तीन जागा पुढे ठेवल्यात: जर्सी सिटी, शिकागो डाउनटाउन आणि टेक्सासात डॅलसजवळचं प्लेनो. वर्षाचा पगार अनुक्रमे १ लाख ४५ हजार, १ लाख ३० हजार आणि १ लाख २५ हजार डॉलर. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. मी एच-१बी वर्क व्हिसावर आहे, त्यामुळे तिन्हीला नकार देऊन निवांत दुसरीकडे शोधणं शक्य नाही. नोकरी सुटली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात.

घरात आम्ही तिघं. नवऱ्याचं एच-४ ईएडी (जोडीदाराला मिळणारा कामाचा परवाना) आलंय, पण नव्या गावात त्याला नोकरी लागेपर्यंत माझ्याच पगारावर भागवायचंय. मुलगी ऑगस्टमध्ये तीन वर्षांची होईल. गाडी एकच. सांगलीला सासू-सासऱ्यांना दरमहा पैसे पाठवतो, त्याला हात लावणार नाही.

दोन शहरांची नावं टाकली की "इथले इतके म्हणजे तिथले तितके" सांगणाऱ्या वेबसाइट पाहिल्या. त्यांवर माझा विश्वास बसत नाही. ते आकडे सरासरी कुटुंबाचे असतात, आणि आमच्या घरात भाडं आणि डेकेअर या दोनच गोष्टी बाकी सगळ्यावर भारी पडतात. एमआयटीचा लिव्हिंग वेज कॅल्क्युलेटर त्यातल्या त्यात बरा. मोठी माणसं किती, त्यांतली कमावती किती, मुलं किती यांनुसार घर, मुलांची देखभाल, प्रवास असे खर्च वेगवेगळे दाखवतो. पण तो काउंटीनुसार, म्हणजे जिल्ह्यानुसार चालतो. शिकागोच्या कुक काउंटीत तर अख्खं शहर आणि कितीतरी उपनगरं एकाच आकड्यात येतात.

म्हणून फोन करून स्वतः विचारलं. दोन बेडरूमचं महिन्याचं भाडं (डॉलरमध्ये) जर्सी सिटीत पाथ (न्यूयॉर्कला जाणारी लोकल ट्रेन) स्टेशनजवळ ३,८००, न्यू जर्सीतल्याच एडिसनला २,५००, शिकागोजवळ नेपरव्हिलला २,३००, प्लेनोत १,९००. पूर्ण दिवसाचं डेकेअर महिन्याला जर्सी सिटीत २,३००, एडिसनला १,९००, नेपरव्हिलला १,८००, प्लेनोत १,४००.

कर: कोलंबस शहर स्वतःचा वेगळा २.५ टक्के आयकर घेतं, तो तिन्हीकडे सुटेल. इलिनॉयचा सरसकट ४.९५ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण ५०० डॉलर. टेक्सासला राज्याचा आयकर नाही. पण जो तो म्हणतो की तिथे प्रॉपर्टी टॅक्समध्ये सगळं वसूल होतं. हे कितपत खरं? दोन-तीन वर्षांत घर घ्यायचा विचार आहे. शिवाय माझ्या यादीत कुठला खर्च राहून गेलाय का? यांपैकी दोन ठिकाणी संसार केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

– कृष्णाकाठ

प्रतिसाद: माळरान

आम्ही आधी नेपरव्हिलला होतो, आता प्लेनोशेजारच्या फ्रिस्कोला आहोत. "सगळं वसूल होतं" हे कॅलिफोर्नियाहून आलेले लोक म्हणतात आणि त्यांच्यापुरतं ते खरंच आहे. तिथे १९७८च्या प्रपोझिशन १३मुळे मूळ दर १ टक्का आणि करपात्र किंमत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. तुमची तुलना मात्र इलिनॉय आणि न्यू जर्सीशी आहे, आणि या दोन राज्यांत प्रॉपर्टी टॅक्सही जबर आहे. नेपरव्हिलला आम्ही आयकरही भरायचो आणि प्रॉपर्टी टॅक्सही. इथे त्यांतला एकच भरतो.

तरी साडेचार लाखांच्या घरावर २ टक्के धरले तर वर्षाला ९ हजार, म्हणजे महिन्याला ७५० होतात. स्वतः राहत असाल तर होमस्टेड एक्झेम्प्शनचा (राहत्या घरावरच्या करसवलतीचा) अर्ज नक्की करा. त्याने शाळेचा कर बराच उतरतो आणि पुढच्या वर्षापासून करपात्र किंमत दरसाल १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. नवीन वसाहतीत घर घेताना तिथे एमयूडी (पाणी-सांडपाण्याची सोय करणारी स्थानिक संस्था) आहे का हे आधी विचारा, कारण त्याचा कर वरून लागतो.

यादीत राहिलेले खर्च: दुसरी गाडी. नवऱ्याला नोकरी लागली की ती घ्यावीच लागते. मग दोन गाड्यांचा विमा आणि डॅलस नॉर्थ टोलवेचा रोजचा टोल. उन्हाळ्यात एसीचं बिल. घर घेतलंत तर गारांमुळे छपराचा विमा महाग पडतो, आणि डिडक्टिबल (नुकसानीचा आधी आपण भरायचा भाग) किती टक्के आहे ते वाचल्याशिवाय सही करू नका. वीज कंपनी इथे बऱ्याच भागांत आपण निवडायची असते, तर ठरावीक दराचाच करार घ्या. फेब्रुवारी २०२१च्या थंडीत घाऊक बाजाराच्या दराने वीज घेणाऱ्यांना हजारो डॉलरची बिलं आली होती.

प्रतिसाद: हडसनतीर

कृष्णाकाठ ताई, जर्सी सिटीच्या डेकेअरचा आकडा खोडून पुन्हा हिशोब करा. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲबट विरुद्ध बर्क खटल्यात १९९८ साली दिलेल्या आदेशामुळे काही ठरावीक शाळा-जिल्ह्यांत तीन आणि चार वर्षांच्या मुलांना पूर्ण दिवसाची बालवाडी मोफत आहे. जर्सी सिटी त्यांपैकी एक. उत्पन्नाची अट नाही, तिथे राहत असल्याचे पुरावे लागतात. एडिसन त्या यादीत नाही.

म्हणजे एडिसनला २,५०० अधिक १,९०० असे ४,४०० होतात, आणि "महाग" जर्सी सिटीत ३,८०० अधिक शाळा सुटल्यानंतरच्या देखभालीचे पैसे. वर एडिसनहून ट्रेनने नेवार्क आणि तिथून पाथ, असा दोन पासांचा खर्च वाचेल. गाडीसुद्धा विकता येईल. न्यू जर्सीत गाडीचा विमा किती लागतो ते विचारून बघा.

न्यू जर्सी राज्याचा आयकर टप्प्याटप्प्याने लागतो. दोघांचं एकत्र रिटर्न भरलंत तर तुमच्या पगारावर वर्षाला ५ हजारांच्या आसपास येईल, म्हणजे पगार जास्त असूनही इलिनॉयपेक्षा कमी. भाडेकरूंना भाड्याचा १८ टक्के भाग प्रॉपर्टी टॅक्स समजून वजावट मिळते, ती विसरू नका.

फक्त घर विकत घेण्याच्या बाबतीत माझं मत प्लेनोच्या बाजूने आहे. न्यू जर्सीतलं सरासरी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल २०२४ मध्ये वर्षाला १० हजारांच्या वर गेलं.

प्रतिसाद: माळरान

बालवाडीवरून आठवलं. टेक्सासातही सरकारी प्री-के (शाळेआधीची बालवाडी) मोफत असते, पण सगळ्यांना नाही. ज्या मुलांना इंग्रजी बोलता-समजता येत नाही ती मात्र पात्र ठरतात. घरात मराठीच बोलत असाल तर मुलगी चार वर्षांची झाल्यावर शाळेत चाचणीसाठी जरूर न्या. तीन वर्षांच्या मुलांसाठी सगळे शाळा-जिल्हे ती चालवत नाहीत, त्यामुळे पहिलं वर्ष डेकेअरचे पैसे धरूनच चाला.

प्रतिसाद: वाऱ्याचं गाव

शिकागोबद्दल थोडंसं. शहराच्या हद्दीत राहिलात तर चार वर्षांच्या मुलांना सरकारी शाळेत प्री-के मोफत आहे, पण नेपरव्हिल त्या हद्दीबाहेर. विक्रीकर शहरात १० टक्क्यांच्या वर आहे, म्हणून मोठी खरेदी लोक उपनगरात करतात. हिवाळ्यात गॅसचं बिल चांगलंच येतं, तेव्हा घर बघताना हीटिंग भाड्यात धरलंय का हे विचारा. जुन्या इमारतींत बऱ्याचदा असतं.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ॲबटचं काहीच माहीत नव्हतं, आज रात्रीच नवऱ्याबरोबर बसून पुन्हा आकडेमोड करतो. हडसनतीर, अजून एक: पाथवरच पण नदीपासून आत, जर्नल स्क्वेअरच्या बाजूला भाडं कितीने उतरतं? आणि बालवाडीचा अर्ज करताना लीज हातात असावं लागतं का? आमचं जाणं जुलैअखेर होईल, तोवर जागा भरून गेल्या तर वर्षाच्या मध्ये मुलांना घेतात का?